गाडीतळावर ठरणारी गर्दी: मेनमधल्या बॅक्स्टर स्टेट पार्कचं प्रकरण

नोव्हेंबर 2014 मध्ये अमेरिकेच्या ईशान्य टोकावरच्या मेन राज्यातून एक जाहीर पत्र निघालं. लिहिणारे होते बॅक्स्टर स्टेट पार्कचे तेव्हाचे संचालक जेन्सन बिसेल. पत्र होतं अॅपलेचियन ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेची देखरेख करणाऱ्या कॉन्झर्व्हन्सी या संस्थेला. ही पायवाट जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून निघते, चौदा राज्यं ओलांडते आणि सुमारे 3,500 किलोमीटरनंतर बॅक्स्टर पार्कमधल्या कटाडिन शिखरावर संपते. पत्राचा सूर सभ्य होता, पण मजकूर सरळ होता. वाट चालून येणाऱ्यांची संख्या आणि काहींचं वागणं असंच राहिलं, तर या वाटेचा शेवट कटाडिनवर ठेवायचा की नाही याचा पार्कला फेरविचार करावा लागेल.

गिर्यारोहणाच्या जगात या पत्राने खळबळ उडाली, कारण 1930 च्या दशकापासून ती वाट तिथेच संपते. शिखरावरच्या लाकडी पाटीला हात लावून रडणाऱ्या माणसांचे फोटो हजारोंनी आहेत. इतक्या गाजलेल्या शेवटाचा मान असताना एखादं पार्क तो नको म्हणायच्या टोकाला का येतं? पार्कवाले हट्टी असल्याचा निष्कर्ष अनेकांनी काढला. मला तो पटत नाही. हे जंगल बारा महिने लोकांसाठी उघडं ठेवायची जी व्यवस्था त्यांनी अनेक दशकांत उभी केली होती, तिला एका ठिकाणी तडा होता आणि तो या वाटेने उघडा पाडला. म्हणून आधी ती व्यवस्था बघू.

जमीन आणि तिच्या अटी

पर्सिव्हल बॅक्स्टर 1921 ते 1925 या काळात मेनचे गव्हर्नर होते. कटाडिन आणि भोवतीचं जंगल राज्याने विकत घ्यावं म्हणून त्यांनी विधिमंडळात वारंवार प्रयत्न केले. ते फसले. ती जमीन कागद कंपन्यांची होती आणि त्या कंपन्यांचं राज्यात वजन होतं. पद गेल्यावर त्यांनी स्वतःच्या पैशांतून ते काम हाती घेतलं. 1930 मध्ये ग्रेट नॉर्दर्न पेपर कंपनीकडून सुमारे 6,000 एकर जमीन घेतली, त्यात कटाडिनचं शिखर आलं. 1931 मध्ये ती राज्याला दिली. त्यानंतर 1962 पर्यंत तुकड्यातुकड्याने ते जमीन घेत राहिले आणि देत राहिले. एकूण 28 दानपत्रं झाली, दोन लाख एकरांहून जास्त जमीन झाली. नंतरची भर धरून आज पार्क 2,09,644 एकरांचं, म्हणजे जवळपास 850 चौरस किलोमीटरचं आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची आठ उद्यानं त्यात मावतील.

जमिनीइतकंच मोल दानपत्रांतल्या अटींना आहे. जमीन कायम नैसर्गिक रानटी अवस्थेत राहावी, पशुपक्ष्यांना तिथे आसरा असावा आणि लोकांना सार्वजनिक वन व करमणुकीसाठी तिचा उपयोग व्हावा, असं त्यांत लिहिलेलं आहे. पार्कने याचा क्रम असा लावला आहे की आधी जंगल, मग करमणूक. दोन्हींत ओढाताण झाली तर कोण मागे हटेल हे तिथे अगोदरच ठरलेलं असतं.

कारभारही वेगळा ठेवला गेला. मेनची इतर सरकारी उद्यानं एका खात्याखाली येतात, बॅक्स्टर येत नाही. राज्याचे अॅटर्नी जनरल, वनसेवेचे संचालक आणि अंतर्देशीय मत्स्य व वन्यजीव खात्याचे आयुक्त असं तिघांचं प्राधिकरण ते चालवतं. खर्च करदात्यांच्या पैशांतून होत नाही. बॅक्स्टर यांनी मृत्यूपत्रात ठेवलेल्या सुमारे 70 लाख डॉलरच्या निधीचं उत्पन्न, येणाऱ्यांचं शुल्क आणि लाकूड यांवर पार्क चालतं. लाकूड ऐकून दचकायला होतं. पण उत्तर-पश्चिमेच्या 29,537 एकरांत शास्त्रीय पद्धतीने वनव्यवस्थापन करून दाखवावं, ही बॅक्स्टर यांचीच इच्छा होती. युरोपातली जपून वापरलेली जंगलं त्यांनी पाहिली होती. पार्कच्या साधारण पाव भागात शिकारीलाही परवानगी आहे, कारण काही दानपत्रांत त्यांनी ती स्थानिकांसाठी मोकळी ठेवली. हे नुसतं काचेतलं जंगल नाही. तुकड्यातुकड्याने दिलेल्या शब्दांचं ते जंगल आहे, आणि प्रत्येक तुकड्याचा शब्द थोडा वेगळा आहे.

पैसा स्वतःचा असल्यामुळे एक गोष्ट शक्य होते, ती म्हणजे गर्दी कमी ठेवणं. ज्या उद्यानाचा पगार तिकीट खिडकीवरून निघतो त्याला माणसं परत पाठवणं परवडत नाही. या प्रकरणातला हा सगळ्यांत महत्त्वाचा दुवा आहे असं मला वाटतं.

बारा महिन्यांचं वेळापत्रक

कटाडिनची उंची 1,606 मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा चाळीस मीटर कमी. पण तो 46 अंश उत्तरेला असल्याने सगळंच बदलतं. माथ्याच्या खूप आधी झाडं संपतात. वर 'टेबललँड' नावाचं सपाट, उघडं पठार आहे. तिथे उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात वाढणाऱ्या वनस्पती खडकाला चिकटून असतात. कटाडिन आर्क्टिक या फुलपाखराची उपजात जगात फक्त या पठारावर सापडते. कळसूबाईवर शिड्या आणि रेलिंग आहेत, वर देऊळ आहे, वाटेत चहा मिळतो. इथे पार्कभर कुठेही वीज नाही, नळ नाही, डांबरी रस्ता नाही. पाणी ओढ्यातून घ्यायचं आणि शुद्ध करून प्यायचं, कचरा सगळा परत न्यायचा.

मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यानंतरपर्यंत मुक्कामाचा मुख्य हंगाम. तंबूच्या जागा, तीन बाजूंनी बंद आणि पुढून उघड्या लाकडी खोपी, डेसी आणि किडनी या तळ्यांकाठच्या लाकडी केबिन, आणि नाममात्र भाड्यात कनू, म्हणजे वल्ह्याची लांबट होडी. पहाटे सँडी स्ट्रीम तळ्यावर मूस, म्हणजे तिथलं अवाढव्य हरीण, पाण्यात मान घालून वनस्पती खात असतं. ट्राउट माशांसाठी गळ टाकणारे वेगळे, नुसते तळ्याकाठी बसणारे वेगळे. मेच्या शेवटापासून जूनभर काळ्या माश्या चावून हैराण करतात. त्यावर कोणतीही व्यवस्था चालत नाही.

मे महिन्यात मुक्काम सुरू झाला तरी कटाडिनच्या वरच्या वाटा लगेच उघडत नाहीत. बर्फ वितळून वाट चिखलाची झालेली असते, लोक चिखल टाळायला बाजूने चालतात आणि बाजूला तीच खडकाला चिकटलेली झुडपं असतात, ज्यांना बोटभर वाढायला वर्षं लागतात. वाट सुकेपर्यंत थांबायचं. बाहेरून आलेल्या माणसाला निरभ्र आकाशाखाली बंद वाट बघून राग येतो, पण बंदीचं कारण पायाखाली असतं.

सप्टेंबरमध्ये मेपल, बर्चची पानं रंगतात आणि बोस्टनकडून गाड्या येतात. त्यात आपली मराठी कुटुंबंही असतात. याच महिन्याच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत, पेनोब्स्कॉट हे इथले मूळ रहिवासी त्यांच्या इंडियन आयलंड वसाहतीपासून कटाडिनपर्यंत सुमारे शंभर मैलांची यात्रा धावत, चालत आणि कनूने करतात. 1981 पासून ही प्रथा चालू आहे. बॅक्स्टर यांच्या दानपत्रांच्या कितीतरी आधीपासून हा डोंगर त्यांना पवित्र आहे. पार्कची गोष्ट 1931 पासून सुरू केली तर ती अपुरी राहते.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मुक्काम थांबतो. दिवसा चालायला जाता येतं, पण हवामान क्षणात उलटतं. 1963 च्या ऑक्टोबरअखेरीस एक गिर्यारोहक स्त्री वरच्या कड्यावर अडकली. तिला सोडवायला गेलेला पार्कचा रेंजर, म्हणजे वनरक्षक, बर्फाच्या वादळात सापडला. दोघांचे मृतदेह पुढच्या वसंतात मिळाले. पार्कच्या शरदऋतूतल्या सगळ्या कडकपणामागे ही आठवण आहे.

मग 1 डिसेंबर ते 31 मार्च हिवाळी हंगाम. रस्त्यावरचा बर्फ कोणी बाजूला करत नाही. बाहेर गाडी ठेवून स्कीवर सामानाची घसरगाडी ओढत वीस-पंचवीस किलोमीटर आत जायचं, चिमणी पाँड या तळ्याजवळच्या बंकहाउसमध्ये, म्हणजे सामायिक मुक्कामाच्या खोलीत, लाकडाच्या शेगडीशेजारी झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी कड्यांवर गोठलेले प्रवाह चढायचे. ईशान्य अमेरिकेतल्या अवघड बर्फचढायांत हिची गणना होते. स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची मोटारगाडी, फक्त मुख्य कच्च्या रस्त्यावर चालते. पूर्वी हिवाळ्यात झाडांच्या रेषेवर, म्हणजे झाडं संपतात त्याच्या वर, जायला किमान चौघांचा गट लागे, साहित्याची तपासणी होई. हे नियम आता बरेच सैल आहेत आणि जबाबदारी चढणाऱ्यावर आहे. मला हा बदल योग्य वाटतो, कारण जानेवारीत तिथवर पोचणाऱ्याला तेवढी जाण असते. गर्दीचा प्रश्न हिवाळ्यात उरतच नाही, तो थंडीने आणि अंतराने सोडवलेला असतो.

उन्हाळ्यात तो कसा सोडवतात? गाडीतळाने. कटाडिनवर जाणाऱ्या वाटा रोअरिंग ब्रूक, अबॉल आणि कटाडिन स्ट्रीम इथून सुरू होतात. प्रत्येक ठिकाणी गाड्यांच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या आधी राखून ठेवाव्या लागतात. मेनच्या रहिवाशांना ही संधी लवकर मिळते, बाहेरच्यांना तारखेच्या जेमतेम दोन आठवडे आधी. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी तुम्ही फाटकावर नसाल तर जागा दुसऱ्याला जाते. त्या दिवशी कटाडिन तुमचा नाही, पण पार्कमधले बाकीचे चाळीसएक डोंगर आणि तळी आहेतच. गट बारापेक्षा मोठा नको, कुत्री नकोत, मोटारसायकल नको, सहा वर्षांखालच्या मुलांना झाडांच्या रेषेवर नेऊ नये.

या व्यवस्थेत डोंगरावर कोणी माणसं मोजत बसत नाही. गाड्या मोजल्या की माणसं आपोआप मोजली जातात. मिलिनॉकेट हे जवळचं गाव तिथून बरंच दूर आहे, बस नाही, चालत येणार कोण? नियम साधा, स्वस्त आणि वाद न होणारा. अनेक वर्षं तो नीट चालला.

चालत येणारे

पण चालत येणारे होते, आणि दर वर्षी वाढत होते. अॅपलेचियन ट्रेलवरून दक्षिणेकडून येणाऱ्या माणसाला गाडीतळ लागत नाही. तो शेवटचे शंभर मैल जंगलातून चालून अबॉल पुलावरून पायी आत शिरतो. त्याच्यासाठी 'द बर्चेस' या जागी दोन खोपी राखलेल्या होत्या, क्षमता बारा माणसांची. पूर्वी पायी येणारे मोजकेच असत, तेव्हा ही सोय पुरेशी होती. मग वाट लोकप्रिय झाली. सप्टेंबरच्या एखाद्या दिवशी बाराच्या जागी कितीतरी जण येऊन उभे राहायचे. त्या सर्वांना त्याच दिवशी वर जायचं असे, कारण महिन्यांचा प्रवास तिथे संपणार होता आणि घरचे विमानाने आलेले असायचे.

पार्कच्या एकूण पाहुण्यांत या मंडळींचा वाटा जेमतेम काही टक्के होता. म्हणूनच अनेकांना ते पत्र अतिरेकी वाटलं. पण पत्रातल्या तक्रारी वाचल्या की प्रश्न टक्क्यांचा नव्हता हे कळतं. माथ्यावर बारापेक्षा मोठे घोळके, दारू, गांजा, अपंगांच्या मदतीसाठीच्या सेवा-कुत्र्याच्या खोट्या कागदपत्रांवर आणलेली कुत्री, परवानगी नसलेल्या ठिकाणी झोपणं. हे नियम पार्कमध्ये सगळ्यांना होते. फरक असा की गाडीने येणारा माणूस फाटकावर रेंजरशी दोन शब्द बोलूनच आत येई, नियम त्याच्या कानावर पडत. पायी येणाऱ्याला पहिला रेंजर भेटायचा तेव्हा तो आत पोचलेला असायचा. शिवाय पाच महिने तो अशा वाटेवर राहिलेला, जिथे वाटेवरचे स्वयंसेवक फुकट खाऊ घालतात आणि कोणी काही विचारत नाही. त्याला बॅक्स्टर पार्क म्हणजे वाटेचा शेवटचा टप्पा वाटायचा. प्रत्यक्षात ती वेगळ्या मालकाची, वेगळ्या अटींची जमीन होती. वाटेचा बराच भाग सरकारच्या संरक्षणाखाली आहे, इथे मात्र ती पार्कच्या परवानगीने जाते.

जुलै 2015 मध्ये हे सगळं एका दुपारी माथ्यावर एकत्र आलं. धावपटू स्कॉट ज्युरेक याने 46 दिवस, 8 तास, 7 मिनिटांत संपूर्ण वाट संपवून आधीचा विक्रम सुमारे तीन तासांनी मोडला. शिखरावर शॅम्पेन फुटली, भोवती चाहते आणि कॅमेरे होते. रेंजरने त्याला तीन आरोपांची समन्स दिली: सार्वजनिक ठिकाणी मद्यपान, कचरा आणि बारापेक्षा मोठा गट. पार्कने जाहीरपणेही नाराजी मांडली आणि त्यावर देशभर टीका झाली. सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन मद्यपानाचा आरोप त्याने मान्य केला, 500 डॉलर दंड झाला, बाकीचे दोन मागे घेतले गेले.

त्या धावेचं मला मनापासून कौतुक आहे. तरीही माझी सहानुभूती रेंजरकडे जाते. त्याच आठवड्यात एखादं कुटुंब पहाटे उठून, गाडीची जागा राखून, कुत्रं घरी ठेवून, पाच वर्षांच्या मुलाला खालीच थांबवून आलेलं असतं. नियम प्रसिद्ध माणसाला वाकला तर या कुटुंबाला रेंजर कोणत्या तोंडाने अडवणार?

कार्ड

पत्रात दिलेली धमकी पार्कने अंमलात आणली नाही. 2016 पासून लांब पल्ल्याच्या प्रत्येक पायी प्रवाशाला कार्ड घेणं सक्तीचं झालं. कार्ड फुकट, पण ते रेंजरकडून प्रत्यक्ष येऊन घ्यायचं आणि शिखरावर जाताना बाळगायचं. 2017 साठी संख्याही ठरवली: उत्तरेकडे चालत येणाऱ्यांना 1,350, टप्प्याटप्प्याने वाट पुरी करणाऱ्यांना 840, कटाडिनवरून दक्षिणेकडे निघणाऱ्यांना 610, आणि मध्येच सुरू करून दोन्ही टोकं गाठणाऱ्यांना 350. एकूण 3,150. कॉन्झर्व्हन्सीनेही आपली बाजू उचलली. शंभर मैलांच्या जंगलाआधीच्या मॉन्सन गावात माहिती केंद्र उघडलं, म्हणजे पार्कचे नियम लोकांना आत येण्याच्या कितीतरी आधी कळतील. एका वेळी सगळ्यांनी वर जाऊ नये म्हणून आपला प्रवास कुठून सुरू करायचा याचा विचार करा, असंही ती सांगू लागली.

कार्डाचा खरा उपयोग 3,150 या आकड्यात नाही, असं माझं मत आहे. तो आकडा गरजेनुसार वरखाली होऊ शकतो. उपयोग आहे त्या भेटीत. गाडीने येणाऱ्याला फाटक होतं, पायी येणाऱ्याला नव्हतं. कार्डाने त्यालाही रेंजरसमोर उभं केलं. ज्या ठिकाणी तडा होता तिथेच दुरुस्ती झाली, आणि बाकीची व्यवस्था जशी होती तशी राहिली. कुंपण उभं राहिलं नाही, कार्डाला शुल्क लावलं नाही, बर्चेसला मोठी इमारतही झाली नाही.

व्यवस्थेची एक किंमत आहे आणि ती लपवता येत नाही. मिलिनॉकेटची कागद गिरणी 2008 मध्ये बंद पडली, शेजारच्या ईस्ट मिलिनॉकेटची 2014 मध्ये. गावाला पर्यटक हवेत, आणि पार्क पर्यटक मोजून घेतं. 2016 मध्ये पार्कच्या पूर्वेला लागूनच कटाडिन वूड्स अँड वॉटर्स हे राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं, 87,500 एकरांचं, तेही खाजगी देणगीतूनच. तिथे शिकारीपासून स्नोमोबाइलपर्यंत अनेक गोष्टींना जास्त मोकळीक आहे. गावाच्या दृष्टीने तोच पर्याय. एका जंगलाने कडक राहायचं आणि शेजारच्याने थोडं सैल, ही विभागणी कोणी बसून आखलेली नाही, पण ती उपयोगी पडते आहे.

सह्याद्रीच्या वाटेवर

आपल्याकडे कास पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणीने दिवसाची संख्या मर्यादित ठेवली जाते. ते जमतं, कारण तिथे जवळपास प्रत्येक जण वाहनाने आणि रस्त्याने येतो. हरिश्चंद्रगडाला हेच करायचं म्हटलं तर गोष्ट वेगळी होते. पाचनईहून येणारे आहेत, खिरेश्वरहून टोलार खिंडीने येणारे आहेत, बेलपाड्याहून नळीच्या वाटेने चढणारे आहेत. पाचनईत चौकी बसवून तिथेच मोजणी केली, तर बाकीच्या दोन बाजूंनी येणारे मोजले जाणार नाहीत, आणि त्यांतले बरेच अनुभवी असल्याने आपल्याला नियम लागू नाहीत असं त्यांना वाटेल. मेनमध्ये नेमकं हेच झालं होतं. शनिवारी रात्री कोकणकड्यावर किती तंबू असावेत यावर बोलण्याआधी, माणसं कोणकोणत्या वाटेने वर येतात आणि त्या प्रत्येक वाटेच्या पायथ्याशी त्यांच्याशी बोलणारं कोण आहे, हे तपासावं लागेल. तो पायथ्याचा माणूस गावातलाच असावा आणि त्याचा पगार पावत्यांच्या संख्येवर अवलंबून नसावा.